होळीआधीची तारीख

नागली, म्हणजे नाचणी, कापून झाली की जव्हारच्या हवेला एक कोरडा, खरपूस वास येतो. पेंढ्याचा, कोंड्याचा, कुणाच्या तरी परसात पेटवलेल्या पाल्याचा. सकाळी शाळेला जाताना मोटरसायकलच्या हँडलवर बोटं आखडतात आणि दरीतलं धुकं उन्हं वर आली तरी जागचं हलत नाही. गेल्या काही वर्षांत या दिवसांत रस्त्याला आणखी एक वास येऊ लागलाय, गाड्यांना बांधलेल्या फुलांचा. ठाण्याकडून, नाशिककडून गाड्या घाट चढून येतात. टपावर सुटकेसा, खिडकीत मेंदीचे हात. परवा नाक्यावर एक गाडी माझ्याजवळ थांबली. आतल्या मुलीनं काच खाली केली आणि विचारलं, "काका, दाभोशाच्या वाटेवर ते वेडिंगवालं रिसॉर्ट आहे ना, ते कुठे?"

मी हात करून वाट दाखवली. गाडी गेली. झेंडूच्या दोन-चार पाकळ्या रस्त्यावर पडून राहिल्या आणि शाळेची घंटा व्हायची वेळ झाली तरी मी तिथंच उभा होतो. दोन वर्षांपूर्वीचा हिवाळा असा कधीही येतो आणि हात धरून उभं करतो.

त्या दिवाळीत माझी मुलगी अश्विनी ठाण्याहून आली. ती तिथं फिजिओथेरपिस्ट आहे. तन्मयशी तिचा साखरपुडा झालेला होता. तो डोंबिवलीचा, संगणकाच्या कामातला, स्वभावानं सरळ. पावसाळ्यात पहिल्यांदा आमच्याकडं आला तेव्हा आम्ही त्याला शिरपामाळावर नेलं होतं. चारी बाजूंना ढग, पायाखाली भिजलेलं गवत. तो माळाच्या कडेपर्यंत एकटाच जाऊन आला होता. परतताना अश्विनीला म्हणाला, "एवढी जागा असताना आपण लग्नाला डोंबिवलीत हॉल का बघतोय?"

त्यातूनच ते निघालं. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, ओट्यावर चहा घेताना, अश्विनीनं मोबाइल माझ्यापुढं धरला. दरीच्या काठावरची हिरवळ, पांढरे पडदे, लाकडी खुर्च्यांच्या दोन ओळी.

"डेस्टिनेशन वेडिंग, बाबा. पण लांब नाही. आपल्या इथेच."

"आपल्या इथंच, तर डेस्टिनेशन कसलं?" माझी बायको सुनंदा हसली.

"त्यांच्यासाठी डेस्टिनेशन, आपल्यासाठी घर. दोन दिवस सगळे एकत्र राहतील. दोन्हीकडची मिळून सव्वाशे माणसं, बस्स. जानेवारीच्या शेवटची तारीख मिळतेय."

मी म्हणालो, "छान आहे."

फार लवकर म्हणालो. मुलीच्या बापानं आधी थोडं कुरकुरायचं असतं, लोक काय म्हणतील ते विचारायचं असतं. सुनंदा हातातला कप तसाच धरून माझ्याकडं बघत राहिली. माझा होकार इतका तयार कसा होता, ते मला तेव्हा कळलं नव्हतं. म्हणजे कळलं होतं, पण मी त्याच्याकडं बघितलं नव्हतं.

आमचं मूळ घर खोडाळ्याच्या पुढं, डोंगराच्या कुशीतल्या एका पाड्यावर. मी नोकरीसाठी जव्हारला आलो आणि इथलाच झालो. घर आणि शेत माझी मोठी बहीण काशी बघते. मी तिला बाय म्हणतो. मी तीन वर्षांचा असताना आई गेली, तेव्हा बाय असेल दहा-अकराची. तिनं मला कडेवर घेऊनच भाताची लावणी केली, कडेवर घेऊनच पाणी भरलं. शाळेत ती कधी गेलीच नाही. लग्न होऊन गेली, मूल झालं नाही, नवरा वारला, तशी परत माहेरच्या शेतावर आली. आणि ती धवलेरी आहे.

धवलेरी म्हणजे काय, हे मला शहरातल्या माणसांना नेहमी सांगावं लागतं. आमच्यात लग्न भटजी लावत नाही, बाई लावते. ती मांडवात बसून धवल, म्हणजे लग्नाचं गाणं, गाते, आणि तिच्या गाण्यानं लग्न लागतं. गाणं पूर्ण झालं नाही तर लग्नही पुरं होत नाही. त्या एका दिवशी पाड्यात तिच्याहून मोठं कुणी नसतं. शेकडो ओळी बायला तोंडपाठ आहेत. माझं लग्न तिनंच लावलं. अश्विनी पाळण्यात होती तेव्हाच ती म्हणाली होती, "हिचं लगीन मीच लावनार. तोवर मरत नाय."

ती घरची बोली बोलते. मी इथं तिचं बोलणं वाचणाऱ्याला समजेल असं थोडं सोपं करून लिहितोय. खरं सांगायचं तर तीस वर्षं वर्गात 'शुद्ध बोला' म्हणता म्हणता माझीच ती बोली झिजत गेली. अश्विनीला ती कळते, बोलता येत नाही.

दिवाळी संपली आणि मी पाहुण्यांची यादी करायला बसलो. आमच्या वाट्याची साठ माणसं. शाळेतले सहकारी, केंद्रप्रमुख, कॉलनीतले शेजारी, दवाखान्यातले डॉक्टर, सुनंदाच्या माहेरचे. पेन भराभर चाललं होतं. एकेचाळीस, बेचाळीस, पंचेचाळीस. मग पाडा आला आणि पेनचा वेग मंदावला. पाड्यात पन्नासेक घरं, आणि सगळी एकमेकांची. एकाला बोलावलं की दुसऱ्याला सोडता येत नाही. मी बाय लिहिलं, चुलतभाऊ लहानू लिहिला, आणखी काही वडीलधारे. साठ भरले. मी पेनला टोपण लावलं आणि छातीत काहीतरी हलकं झालं. कुणी विचारलंच तर म्हणता येणार होतं, काय करणार, पोरांनी माणसंच मोजून दिलीत.

मुलीच्या हौसेच्या आडोशाला मी उभा होतो. हिरवळ तिला हवी होती. मला हवी होती ती साठची मर्यादा. पंगतीत उकिडवे बसून जेवणारे माझे काका, आदल्या दिवसापासून ताडी घेतलेला एखादा भाऊबंद, डोंबिवलीकरांच्या शेजारी अनवाणी येऊन उभ्या राहणाऱ्या चुलत्या... हे सगळं मला त्या दोन दिवसांत दिसायला नको होतं. मुख्याध्यापक झालेल्या माणसानं स्वतःबद्दल हे लिहावं की नाही, माहीत नाही. पण ते तसं होतं.

आणि तारीखही माझ्या बाजूनं होती. दिवाळीनंतर आमचे पाडे रिकामे होतात. माणसं वीटभट्ट्यांवर जातात, ठाण्याच्या बांधकामांवर जातात. ती परततात होळीला. होळीच्या आधी आमच्याकडं कुणी लग्न धरत नाही, कारण मांडवाला खांब रोवायलाही माणूस नसतो. तुळशीच्या लग्नानंतरच्या आठवड्यात मी खोडाळ्याला बाजाराच्या दिवशी गेलो होतो. नाक्यावर एक ट्रक भरत होता. भांडी, गोधड्या, पाटीखाली झाकलेल्या कोंबड्या, आणि सामानावर बसलेली पोरं. लहानूनं मला पाहिलं आणि उडी मारून खाली आला.

"गुरजी, आशीचं लगीन ठरलं म्हंतात."

"ठरलंय."

"होळीच्या आधी नका धरू. आम्ही कोन नसू हितं."

"बघू," मी म्हणालो. तारीख ठरलेली होती. ट्रक निघाला, लहानूनं मागच्या फळीवरून हात हलवला, मीही हलवला. धूळ खाली बसेपर्यंत तिथं थांबलो. मग बाजारातून वालाच्या शेंगा घेतल्या. त्या शेंगांचं पुढं काय झालं, आठवत नाही.

बायला मी रिसॉर्टचं सांगितलं तेव्हा ती खळ्यावर नागली वाळवत होती. तिनं रागावल्यासारखं काही केलं नाही. एवढंच म्हणाली, "मना दाखव तरी. कठं बसायचं, कठं गायचं, जागा बघाय नको?" तिच्या डोक्यात तिचं गाणं गृहीत होतं. आणि मी तर गाण्याचा विचारच केला नव्हता.

डोंबिवलीचे व्याही जागा बघायला आले, त्याच दिवशी मी बायलाही नेलं. सुनंदा तिला पुढं बसवत होती, पण गाडी लागते म्हणून ती खिडकीशी मागं बसली. गुडघ्यापर्यंतचं लुगडं, नवी चोळी, मांडीवर कापडी पिशवी. पिशवीत व्याह्यांसाठी वरी बांधून घेतली होती. आम्ही पोहोचलो तेव्हा व्याही-विहीण आधीच आलेले होते. दरीकडच्या कठड्याशी उभं राहून फोटो काढत होते. सुनंदा त्यांच्याकडं गेली. गाडी लावून मी आणि बाय मागून निघालो.

आत शिरतानाच एक मोठी फळी उभी केली होती, गेरूच्या रंगाची, त्यावर पांढऱ्या रंगात लग्नाचा चौक, आमच्यात लग्नघराच्या भिंतीवर देवीभोवती काढतात तो. जोडप्यांनी पुढं उभं राहून फोटो काढायचा म्हणून ती ठेवलेली. बाय थबकली. जवळ गेली, बोट ठेवून रेघ न् रेघ बघू लागली.

"रम्या, ह्यात देवी नाय. मोकळाच चौक हाय."

"शोभेचा आहे गं तो."

"शोभेला झाडं काढायची, मोर काढायचं. लगनाचा चौक कशाला काढला?"

तेवढ्यात तिथला कार्यक्रम बघणारा तरुण लगबगीनं आला. कोट, कानात ते बोलायचं यंत्र. "मावशी, हात नका लावू त्याला. आणि कामाला आलेल्यांनी मागच्या गेटनं यायचं. भांड्यांचं तिकडं आहे." मग माझ्याकडं वळून, अगदी आदरानं, "सर, या तुमच्याबरोबर आहेत का?"

साधा प्रश्न होता. 'हो' म्हणायला किती वेळ लागतो? वीस पावलांवर विहीणबाई उभ्या होत्या. वाऱ्यावर त्यांचं हसणं ऐकू येत होतं, म्हणजे आमचंही त्यांना ऐकू गेलं असतं. मी त्या तरुणाकडं बघितलं. फळीकडं बघितलं. तोंड उघडलं असेल, नसेल. तो थोडा अवघडला.

"नाय रं पोरा," बाय म्हणाली, "मी कामाचं इचारायला आले." माझ्याकडं तिनं बघितलंही नाही. वरीची पिशवी माझ्या हातात दिली, एखाद्या साहेबाची राहिलेली वस्तू द्यावी तशी, आणि मागच्या गेटच्या वाटेनं चालू लागली.

मी तिला हाक मारली नाही.

"बाय कुठे?" सुनंदानं विचारलं तेव्हा मी म्हणालो, मागं ओळखीच्या बायका भेटल्या तिला. ते नंतर खरंही निघालं. आमच्या बाजूच्या पाड्यातल्या दोघी तिथं भांडी घासत होत्या. त्यांच्यापाशी बसून तिनं चहा घेतला. इकडं तो तरुण आम्हाला हिरवळ दाखवत होता. "स्वागताला तारपा ठेवू, सर. ट्रायबल थीम. पाहुण्यांना फार आवडतं." तारपा आमच्या पाड्यात भात पिकलं की वाजतो, लग्नात वाजत नाही. मला ते माहीत होतं. मी मान डोलावली.

परतीच्या वाटेवर बाय नेहमीसारखी बोलत होती. त्या दोघींपैकी एकीच्या सुनेला मुलगा झाला होता, दुसरीची म्हैस आटली होती. पाड्याच्या फाट्यावर ती उतरली. "जागा चांगली हाय," सुनंदाला म्हणाली, "पानी मस्त हाय त्यांच्याकडं."

ते पहिल्यांदा झालं असतं तर कदाचित मला झोप लागली असती. पण तसं नव्हतं. सहावीत मी आश्रमशाळेत होतो. बाजाराच्या दिवशी बाय नागली विकायला खोडाळ्याला यायची आणि मग चालत आश्रमशाळेच्या कुंपणापाशी. उकडलेले करांदे, रानातले कंद, आणायची, फडक्यात बांधून, अजून कोमट. एका बाजाराला मी जव्हारच्या दोन मुलांबरोबर खेळत होतो. त्यांचे वडील सरकारी नोकर, त्यांच्या पायांत बूट. कुंपणाबाहेरून हाक आली, "रम्याऽऽ." मी पळालो आणि पाण्याच्या टाकीमागं लपलो. तिनं तीन-चार हाका मारल्या. टाकीच्या ओल्या सिमेंटचा गारवा पाठीला लागत होता, शेवाळाचा वास नाकात जात होता. ती किती वेळ थांबली, माहीत नाही. संध्याकाळी शिपायानं फडकं आणून दिलं. करांदे मी खाल्ले. सगळे खाल्ले. पुढच्या बाजाराला ती आली तेव्हा तिनं काही विचारलं नाही, आणि मीही ठरवून टाकलं की तिनं मला पाहिलं नसणार.

आठ-दहा दिवस मी गप्प होतो. मुलांच्या वह्या तपासायचो आणि त्याच त्या ओळीवर पुन्हा पुन्हा यायचो. एका सकाळी सुनंदा भाकरी थापत होती, आणि मी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून सगळं सांगून टाकलं. तिचे हात थांबले. तव्यावरची भाकरी करपली, धूर झाला, तरी तिनं ती उलटली नाही.

"मी विचारलं, तेव्हा तुम्ही खोटं बोललात."

"हो."

"लग्न पोरीचं आहे. तिला सांगा. मी नाही सांगणार."

फोनवर सांगताना मला वाटलं होतं अश्विनी ओरडेल.  ती एवढंच म्हणाली, "मी शनिवारी येते." आली ती आमच्याकडं न येता थेट पाड्यावर गेली. दुपारी घरी पोहोचली तेव्हा तिच्या केसांत कोंडा होता आणि डोळे लाल.

"मी आत्याला म्हटलं, तिथं लग्न करणार नाही. घरी करू. तर ती म्हणते, हॉटेलातच कर. म्हणते, तुझ्या बापानं लय वर्सं घासून नाव काढलंय, त्याला पाव्हन्यांपुढं खाली बघायला लावू नको."

 मग ती हळू म्हणाली, "बाबा, मला खरंच ती जागा आवडली होती. दरी, सकाळचं धुकं. मी काय चुकीचं मागितलं होतं? आता तिथं केलं तर आयुष्यभर मला ते मागचं गेट दिसणार. नाही केलं तर आत्याला वाटणार, तिच्यामुळं माझं मोडलं. तुम्ही मला कुठलंच लग्न ठेवलं नाहीत."

माझ्या मुलीनं मला आजवर बोललेलं सगळ्यात कठोर वाक्य हेच. तिनं ते ओरडून म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

अडचणीही खऱ्या होत्या, त्या नाकारून चालणार नव्हतं. माघात लग्न केलं तर पाणी होतं, पण माणसं नव्हती. होळीनंतर केलं तर माणसं होती, पण विहीर तळाला गेलेली. पाड्यावर उन्हाळ्यात एका हंड्यासाठी बायका दोन डोंगर चालतात, तिथं डोंबिवलीच्या पाहुण्यांना तांब्या कुठून द्यायचा? हे सगळं अश्विनी कागदावर लिहीत होती, खोडत होती. संध्याकाळी तिनं तन्मयला फोन लावला आणि अंगणात फेऱ्या घालत तासभर बोलली. आत येऊन म्हणाली, "होळी झाली की लगेच. विहिरीत थोडं तरी असेल, टँकर सांगू. घरी करायचं. आत्याला काय वाटायचं ते वाटू दे, मी तिची समजूत घालीन." आणि मग माझ्याकडं बघून, "गाण्याचं तुम्ही विचारायचं. मी नाही."

मी दुसऱ्याच दिवशी गेलो. बाय खळ्यावर होती. कणसं वाळून तांबूस झाली होती, ती काठीनं झोडत होती. बारीक लालसर धूळ उडून तिच्या पापण्यांवर बसत होती. मी बाजूची काठी घेतली आणि झोडायला लागलो. किती वर्षांनी. चार फटक्यांत तळहात चुरचुरू लागले.

"लग्न घरी करायचं ठरलंय, बाय. होळीनंतर."

"आशी म्हनाली. येडी पोर हाय." ती हसली. तिला बरं वाटलं होतं, ते दिसत होतं.

"बाय, त्या दिवशी मी..."

"हितलं झोडून झालं, आता तिकडलं घे," तिनं काठीनं दाखवलं. मी तिकडं सरकलो. पुन्हा बोलायला गेलो, तर तिनं सांगितलं की यंदा वरीला रोग पडला. तिसऱ्यांदा मी सरळ विचारलं, "धवल तू गाणार ना?"

काठी थांबली. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि खळ्याच्या काठावर बसली.

"लगनाला येनार. राबनार. पानी भरीन, भात रांधीन, पोरीला हळद लावीन. गानार नाय."

"का गं?"

"रम्या, धवलेरी लगीन लावते. तवा ती समद्यांची आई आसते. तुझी, नवऱ्या मुलाच्या बापाची, समद्यांची." ती माझ्याकडं बघत होती. रागानं नाही, वर्गातल्या मंद मुलाला मी जसं समजावतो तसं. "जिला तू बहीन म्हनाला नाय, तिला मांडवात आई कसा म्हनशील? आन् तू मनातनं म्हनाला नाय, तर पोरीचं लगीन लागंल का?"

मी म्हणालो, चुकलो. म्हणालो, पाया पडतो. तिनं माझा हात धरला, तळहातावरचा फोड बघितला आणि म्हणाली, "आता नको झोडू. सवय ऱ्हायली नाय तुझी." मग उठून कामाला लागली.

रिसॉर्टची तारीख आम्ही सोडून दिली. विहीणबाईंना मी घाबरतच कळवलं. त्या म्हणाल्या, "आमची काही हरकत नाही हो. फक्त बाथरूमचं तेवढं बघा, आमच्यातल्या दोघींचे गुडघे दुखतात." इतकंच. ज्यांच्यासाठी मी सगळं लपवत होतो, त्यांना गुडघ्यांची काळजी होती. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

होळी पेटली, माणसं परतली. लहानूनं मांडवाचे खांब रोवले. बायकांनी भिंत सारवून तांदळाच्या पिठानं चौक काढला. टँकर एक दिवस उशिरा आला आणि त्या दिवशी पाड्यातल्या प्रत्येक घरानं आपल्या हंड्यातलं पाणी आणून आमच्या पिंपात ओतलं. कुणीही ते बोलून दाखवलं नाही. डोंबिवलीची मंडळी उन्हानं लालबुंद झाली, पण पंगतीला मांडी घालून बसली. तन्मयच्या आजोबांनी नागलीची भाकरी दोनदा मागून घेतली. ज्या कशाची मला भीती होती, ते सगळं झालं. काका उकिडवे बसून जेवले, एक भाऊबंद ताडी पिऊन नाचला, चुलत्या अनवाणी येऊन विहीणबाईंच्या शेजारी उभ्या राहिल्या. काहीही बिघडलं नाही.

धवल गायला दुसऱ्या पाड्यावरची म्हातारी आणली होती. बायनंच तिला सांगून आणलं. कुणी विचारलं तर बाय म्हणायची, "माझा गळा बसलाय." लोक मान हलवायचे. सुनंदाला आणि अश्विनीला माहीत होतं. हळदीच्या वेळी अश्विनी तिच्या मांडीत डोकं घालून रडली, तशी बायनं तिच्या केसांना लागलेली हळद पुसत तिला दटावलं.

दुपारी मांडवात गाणं सुरू झालं. रांधायच्या जागेचं पाणी संपत आलं होतं, म्हणून मी दोन भरलेल्या कळशा घेऊन घराच्या मागं गेलो. तिथं तीन दगडांवर भाताचं मोठं पातेलं चढलं होतं. धुरात बाय एकटीच उभी होती, पाठमोरी, हातात लांब दांड्याचं उलथणं. मी हाक मारणार होतो, तेवढ्यात मला ते ऐकू आलं.

ती गात होती. अगदी हळू, धूर तोंडात जाऊ नये म्हणून ओठ जेमतेम उघडत. मांडवातल्या म्हातारीच्या मागून नव्हे, तिच्या पुढं. ओळ मांडवातून यायच्या आधी बायच्या ओठांवर यायची. हात भात हलवत होते आणि गाणं आपल्या वाटेनं चाललं होतं. नवरीचं नाव घ्यायची जागा आली. मांडवातली म्हातारी 'अश्विनी' म्हणाली. बाय 'आशी' म्हणाली.

मी कळशा घेऊन तसाच उभा राहिलो. हालचाल केली तर थांबेल, असं वाटलं. मग पुढची जागा आली, नवरीच्या बापाचं नाव घ्यायची. या वेळी बायची ओळ पुढं आली नाही. मांडवातून माझं नाव मोठ्यानं ऐकू आलं. धूर डोळ्यांत गेला म्हणून असेल, बायनं तोंड वळवलं, आणि तिला मी दिसलो.

ती गप्प झाली.

"पानी तिथं ठेव," ती म्हणाली. "आन् जा तू. पोर एकटी हाय मांडवात."

मी कळशा भिंतीशी ठेवल्या आणि निघालो. घराचा कोपरा वळेपर्यंत पाय मुद्दाम सावकाश टाकत होतो, पाठीमागं गाणं पुन्हा सुरू होतंय का ते ऐकत. पण मांडवात तेव्हा इतकी माणसं होती, इतका आवाज होता, की काही कळलं नाही.